परत न आलेल्या खलाशाची मिस्सा

समुद्रात माणूस हरवला आणि त्याचा देह मिळालाच नाही, तर घरच्यांनी आशा कशाची धरायची? डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत हा प्रश्न ज्याला कधी पडला नाही असं बंदर विरळाच. अशाच एका घराची हकीकत इथे सविस्तर मांडते आहे. घर ख्रिस्ती आहे, उत्तन ते अर्नाळा या पट्ट्यातल्या एका कोळीवाड्यातलं. ओळख पटू नये म्हणून गाव, साल आणि नावं गाळली आहेत, काही बारकावे बदलले आहेत. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चखालच्या वस्तीत, दुःखातल्या घरांना भेटी देणारा एक लहान गट आहे. त्या गटातून मी या घरी पहिल्या आठवड्यापासून जात आले.

श्रद्धेच्या नावाने दिलेला दिलासा माणसाला किती खोल इजा करू शकतो हे मी या घरात पाहिलं, आणि त्याच श्रद्धेने त्या घराला पुन्हा उभं केलेलंही पाहिलं. देऊळ तेच, बायबल तेच, माणसंही बरीचशी तीच. फरक कुठे पडला हे सांगण्यासारखं आहे.

घटना

पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते. ती उठून, बोटींना फादरांचा आशीर्वाद होऊन महिना-दीड महिना झाला होता. या घरातला हरवलेला माणूस शेजारच्या नाखवाच्या, म्हणजे बोटमालकाच्या, बोटीवर खलाशी होता, वाट्यावर काम करायचा. पहाटे जाळं ओढायला तांडेलाने, म्हणजे बोटीवरच्या म्होरक्याने, सगळ्यांना उठवलं तेव्हा एक जण कमी भरला. रात्री लघवीला उठलेला माणूस कडेवरून तोल जाऊन पडतो आणि इंजिनाच्या आवाजात त्याची हाक कुणाला ऐकू येत नाही, हे खलाशांना नवीन नाही. तसंच झालं असावं. पाहिलं मात्र कुणी नव्हतं.

वायरलेसवरून आसपासच्या बोटींना कळवलं, तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर खबर दिली गेली. गावच्या बोटी धंदा सोडून शोधाला गेल्या. शेजारच्या हिंदू कोळीवाड्यातल्या बोटीही गेल्या, त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. चार दिवस शोध चालला. हाती काही लागलं नाही. पोलीस ठाण्यात 'बेपत्ता' अशी नोंद झाली.

घरात तेव्हा चौघं होती. बायको, वय चौतीस. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. आणि त्याची आई, जिचा नवराही खलाशीच होता, पण तो घरी, अंथरुणावर, सगळ्यांच्या देखत गेला होता. पुढे मी या दोघींना सून आणि सासू एवढंच म्हणते. सगळी कथा या दोघींमध्येच घडली.

पहिले महिने

पहिला आठवडा गावाने फार चांगला सांभाळला. चूल शेजारणींनी पेटवली, संध्याकाळी रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, अंगण भरायचं, रात्री कुणी ना कुणी बायका झोपायला असायच्या. एकामागून एक संकटं कोसळलेल्या ईयोबाचे तीन मित्र त्याच्याकडे आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, असं बायबलात आहे. त्या मित्रांचं सगळं बिघडलं ते आठव्या दिवसापासून, ते बोलू लागले तेव्हा. आमच्याकडेही तेच झालं.

'देवाची इच्छा' हे पहिलं वाक्य. दुसरं, 'देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो'. एकीने तर बायबलातल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय उघडून सुनेला रडू नकोस म्हणून सांगितलं, कारण आशा नसलेल्यांसारखा खेद करू नये असं त्यात प्रेषित पौल लिहितो. पौल खेद करू नका असं म्हणतच नाही. आशा नसलेल्या माणसांसारखा करू नका, एवढंच त्याचं म्हणणं आहे. ख्रिस्ती माणसाने रडायचंच नाही असं असतं तर लाजर या मित्राच्या कबरेपाशी येशू रडला नसता. आणि तो तर पुढच्या क्षणी लाजराला उठवणार होता.

पण या सगळ्यांहून मोठं नुकसान केलं ते बाहेरून आलेल्या एका प्रार्थना घेणाऱ्याने. त्याने सासूच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तुझा मुलगा जिवंत आहे, त्याला दुसऱ्या बोटीने उचललं, तो बंद खोलीत आहे, मला दिसतो आहे. किनाऱ्यावर या बोलण्याचा अर्थ लागायला वेळ लागत नाही. पालघर जिल्ह्यातले खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, त्यांतले काही खरोखर पाकिस्तानच्या तुरुंगात अडकतात. उचलणारी बोट गुजरातची असेल, ती पुढे पकडली गेली असेल, अशी साखळी दोन दिवसांत तयार झाली. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. सासूचं वर्ष त्या दोन तारखांभोवती फिरू लागलं. यादीची बातमी आली की नातवाला पेपर वाचायला लावायचा, मच्छीमार सोसायटीत जाऊन विचारायचं, मग आठवडाभर जेवणावरचं मन उडायचं.

एखाद्या आईला न पाहिलेली गोष्ट देवाच्या नावाने पाहिली म्हणून सांगणं, हे मी पाप मानते. त्या माणसाचा हेतू चांगला असेलही. पण त्याने दिलेली आशा दर सहा महिन्यांनी एकदा मरायची आणि ती मरताना पाहायला तो कधी परत आला नाही.

सुनेची अडचण उलटी होती. तो गेला हे तिला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं होतं. ते बोलायची मात्र सोय नव्हती. काळे कपडे घालावेत तर सासू अंगावर यायची. मंगळसूत्र ठेवावं तर बंदरावरच्या बायका कुजबुजायच्या. २ नोव्हेंबरला, सगळ्या मृतांच्या दिवशी, गावची सगळी कबरस्थानं फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरलेली असतात. त्या दिवशी मुलाने विचारलं, आपण पप्पांची मेणबत्ती कुठे लावायची? तिच्याकडे उत्तर नव्हतं. त्याच आठवड्यात ती फादरांना म्हणाली, "मी विधवा आहे की नाही, तेवढं तरी सांगा."

माणूस गेला आहे पण गेला असं म्हणता येत नाही, या अवस्थेचा अभ्यास अमेरिकेत पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात केला. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांची कुटुंबं त्यांच्यासमोर होती. अशा घरांत शोक गोठून राहतो आणि घरातली माणसं एकमेकांशी भांडू लागतात, कारण प्रत्येकाने मनात वेगळा निकाल लावलेला असतो, हे त्यांनी मांडलं. आमच्या या घराला ते शब्दशः लागू होतं.

मिस्साच्या हेतूवरून झालेलं भांडण

मिस्सा म्हणजे देवळातली मुख्य उपासना, आणि ती कुणासाठी किंवा कशासाठी अर्पण करायची तो तिचा हेतू. आमच्याकडे मिस्साचा हेतू आधी कार्यालयात लिहून द्यायचा असतो, मिस्सा सुरू होताना तो वाचला जातो. सासू दर महिन्याला, तो हरवला त्या तारखेला, मिस्सा ठेवायची: मुलगा सुखरूप परत यावा म्हणून. साधारण वर्षभराने सुनेने कुणाला न सांगता त्याच तारखेसाठी दुसरा हेतू लिहून दिला: आत्म्यास चिरशांती मिळावी म्हणून. वेदीवरून दोन्ही हेतू एकापाठोपाठ वाचले गेले. सासू उठून देवळाबाहेर गेली. घरी आल्यावर तिने सुनेला विचारलं, "तू माझ्या पोराला मारलंस?" त्यानंतर कित्येक महिने दोघी एका घरात राहिल्या त्या मुलांच्या तोंडून निरोप देत.

या वेळी फादरांनी जे केलं ते या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं काम, असं मला वाटतं. त्यांनी कुणाचं खरं हे ठरवलं नाही. ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, १९८३ च्या कायदेसंहितेत ९०१ वा नियम आहे: धर्मगुरू कोणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतो, ती व्यक्ती जिवंत असो वा मृत. फादरांनी दोघींना समोर बसवून हा नियम वाचून दाखवला आणि म्हणाले, यापुढे त्या तारखेला फक्त त्याचं नाव वाचू. तो कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. देवाला ठाऊक आहे. देवाला पत्ता सांगायची गरज नाही.

दोघी तयार झाल्या. आनंदाने नव्हे. पण पुढच्या महिन्यापासून त्या एकाच मिस्साला, एकाच बाकावर बसू लागल्या. ज्या प्रार्थनेने घर फोडलं होतं त्याच प्रार्थनेत आता दोघींना जागा होती.

मेणबत्तीचा प्रश्न त्याच सुमारास सुटला. कबरस्थानाच्या मधोमध मोठा क्रूस असतो. ज्यांची कबर दुसऱ्या गावी आहे किंवा कुठेच नाही, त्यांच्यासाठी तिथे मेणबत्ती लावतात. एका म्हाताऱ्या काकीने मुलाला हाताला धरून तिथे नेलं. त्या वर्षी सासू आली नाही, तिने अडवलंही नाही.

तक्रारीला जागा

सून देवावर रागावलेली होती आणि हा राग तिला कबूल करता येत नव्हता. रोझरीला बसायची, ओठ हलायचे नाहीत. आमच्या गटातल्या सिस्टर तिला कधीच प्रार्थना कर म्हणाल्या नाहीत. एका संध्याकाळी त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाचला आणि लाजराची बहीण मार्था हिच्यापाशी थांबल्या. मार्था येशूला सामोरी जाते आणि पहिलंच वाक्य बोलते ते असं: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. सून म्हणाली, हेच. मला हेच म्हणायचंय. सिस्टर म्हणाल्या, मग म्हण.

ती म्हणाली. बराच वेळ म्हणत राहिली. मी तिथे होते. ते शब्द इथे लिहिणार नाही.

बायबलातल्या स्तोत्रसंहितेच्या दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं भरपूर आहेत. बहुतेकांचा शेवट विश्वासाच्या शब्दांनी होतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तेवढं अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र ग्रंथात ठेवलेलं आहे. सुनेला त्या एका स्तोत्राने जितका आधार दिला तितका दहा उत्साही गाण्यांनी दिला नसता. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' ही क्रुसावर येशूने उच्चारलेली आरोळीही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, आणि ती तक्रारच आहे. तक्रार करणाऱ्याने देवाशी बोलणं सोडलेलं नसतं. संकटात असलेल्या माणसाला आपण घाईने स्तुतीकडे ढकलतो तेव्हा त्याच्या हातातलं शेवटचं नातं काढून घेतो, हे आपल्या प्रार्थनासभा चालवणाऱ्यांनी खरोखर मनावर घ्यावं.

गुड फ्रायडे आणि ईस्टर यांच्या मधल्या पवित्र शनिवारबद्दल फादर एकदा उपवासकाळातल्या प्रवचनात बोलले. शुक्रवारी मरण झालेलं आहे, रविवार अजून यायचा आहे, मधल्या दिवशी वेदी उघडी-बोडकी असते आणि रात्रीच्या जागरणविधीपर्यंत मिस्सा होत नाही. काही लोकांचा शनिवार वर्षानुवर्षं चालतो, असं ते म्हणाले. नाव त्यांनी घेतलं नाही. सासूने मान वर करून सुनेकडे पाहिलं, हे मला मागच्या बाकावरून दिसलं.

पोटापाण्याचं

हे लिहिलं नाही तर हकीकत खोटी होईल. नाखवाने हंगाम संपेपर्यंत त्याचा अर्धा वाटा घरी पोचवला. गरजू घरांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट दी पॉल संस्थेच्या सभासदांनी तांदूळ-डाळ आणि मुलांच्या शाळेचा खर्च पाहिला. सुनेने बंदरावर बोंबील घेऊन वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडवावर, सुकवायला सुरुवात केली, बचत गटातून पैसे उचलले, सुकी मासळी बाजारात नेऊन विकू लागली. पुढे सासूही वलांडीवर बोंबील घालायला तिच्या शेजारी उभी राहू लागली. दोघींमधलं बोलणं पहिल्यांदा पूर्ववत झालं ते देवळात नाही, तिथे.

या मदतीशिवाय श्रद्धेच्या गप्पा तिने ऐकून घेतल्या नसत्या आणि ऐकायचं कारणही नव्हतं. तिनेच एकदा सांगितलं, की देव आहे असं मला वाटत नव्हतं त्या दिवसांत तांदूळ घेऊन येणाऱ्या माणसाला तसं वाटत होतं, तेवढ्यावर मी काढलं.

सात वर्षं

देह नसेल तर मृत्यूचा दाखला मिळणं कठीण. दाखला नसेल तर बँकेचं खातं, घर, सोसायटीचा हिस्सा सगळं अडकतं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या अपघात विम्यात मच्छीमाराच्या मृत्यूसाठी ५ लाख रुपये आहेत, पण मृत्यू सिद्ध व्हावा लागतो. बेपत्ता माणसाबद्दल कायदा म्हणतो: तो जिवंत असता तर ज्यांना त्याची खबर साहजिकपणे मिळाली असती, त्यांना सात वर्षं ती मिळाली नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. भारतीय पुरावा कायद्याचं हे कलम १०८ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १११ त्याच्या जागी आहे. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागतं.

ख्रिस्तसभेचा नियम याहून कडक आहे. जोडीदाराच्या मृत्यूची घोषणा बिशप करू शकतात, पण १७०७ व्या नियमाप्रमाणे नुसती गैरहजेरी, कितीही लांबलेली असली तरी, पुरेशी नाही. साक्षींवरून मृत्यूची नैतिक खात्री पटावी लागते. पुनर्विवाहाच्या वेळी हा प्रश्न येतो. सुनेच्या माहेरच्यांनी तो विषय काढला होता, तिने तो मिटवला.

सात वर्षं भरली आणि वकिलांनी सांगितलं की सर्वांत महत्त्वाची साक्ष आईची. मुलगा जिवंत असता तर त्याची खबर सर्वांत आधी तिलाच आली असती. सासूने जेवण सोडलं. "माझ्या तोंडानं मी त्याला पुरू?"

सुनेने दावा पुढे ढकलला. वकील वैतागले, दीर वैतागला. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी पैसे हवे होते, तरीही तिने सासूवर जोर केला नाही. या बाईची श्रद्धा किती खोल गेली होती हे मला त्या महिन्यांत कळलं. पहिल्या वर्षी तिने चोरून हेतू लिहून दिला होता. आता ती वाट पाहत होती.

फादर बदलून गेले होते, पण ते भेटायला आले. त्यांनी सासूला एवढंच विचारलं, "न्यायाधीश तुम्हाला तो मेला का असं विचारणार नाहीत. सात वर्षांत त्याची काही खबर आली का, असं विचारतील. काय सांगाल?"

"नाही आली."

"हे खरं आहे ना?"

"खरंच आहे."

"मग खरं सांगून तुम्ही त्याला पुरत नाही. तो जिवंत आहे असं तुम्हाला धरून ठेवावं लागत होतं, इतकी वर्षं, एकट्याने. तो देवाच्या हातात असेल तर तुम्ही हात सोडला तरी तो पडत नाही."

ती त्या दिवशी काही बोलली नाही. दोन आठवड्यांनी तिने सुनेला विचारलं, "बाय, कोर्टात जाताना कुठलं लुगडं नेसू?"

पुनरुत्थानावर विश्वास म्हणजे गेलेलं माणूस दारात उभं राहील असं मानणं नव्हे. तो विश्वास मरण झालेलंच नाही असं म्हणत नाही, उलट मरणाला पुरतं मरण म्हणू देतो, कारण त्यापलीकडे देव आहे असं त्याचं म्हणणं आहे. त्या प्रार्थना घेणाऱ्याने दिलेल्या आशेला मुलगा जिवंत असणं आवश्यक होतं. या आशेला ते आवश्यक नव्हतं. म्हणून ती सासूला साक्ष द्यायला बळ देऊ शकली.

त्यानंतर

न्यायालयाचा आदेश आल्यावर महिन्याभरात मृतासाठीची मिस्सा झाली. शवपेटी नव्हती. पुनरुत्थानाची मोठी मेणबत्ती नेहमीप्रमाणे पुढे लावली होती. वाचन सासूने निवडलं: योहानाचा एकविसावा अध्याय, रात्रभर काही न मिळालेले शिष्य, पहाट आणि किनाऱ्यावर विस्तव पेटवून मासे भाजत उभा असलेला प्रभू. ज्या तांडेलाने त्या पहाटे माणसं मोजली होती त्यानेच ते वाचलं. मधे त्याचा आवाज गेला. सगळं देऊळ थांबलं, मग त्याने पुढे वाचलं. नंतर बोटीने जाऊन फुलं सोडली.

दाखला हाती आल्यावर घराची आणि बँकेची कामं झाली. विम्याचं अजून लटकलेलं आहे. न्यायालय मृत्यू गृहीत धरतं, पण तो नेमका कधी झाला हे ते गृहीत धरत नाही, आणि विम्याला तारीख लागते. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुलाला समुद्रावर जायचं आहे. त्यावरून घरात वाद चालू आहे आणि या वेळी सासू नातवाच्या बाजूने आहे. तिची अट एकच, बोटीवर असेपर्यंत लाइफ जॅकेट अंगातून काढायचं नाही. नाखवालाही तिने तसं बजावलं आहे.

१ जानेवारीला आणि १ जुलैला ती अजूनही नातवाला पेपर वाचायला बसवते. पलीकडे आपल्या किती मच्छीमारांची नोंद आहे तो आकडा विचारून घेते, आणि त्या रात्रीची रोझरी त्यांच्या आयांसाठी म्हणते. गेल्या जुलैत तिने कार्यालयात जाऊन मिस्साही ठेवली. हेतू तिने स्वतः सांगितला: समुद्रावरून न परतलेल्या सगळ्यांसाठी, ते जिथे असतील तिथे.